काठ एकाचा, पाणी दुसऱ्याचं, मासा तिसऱ्याचा: बेळगाव सीमाभागात पोहायला आणि गळ टाकायला जाताना

उन्हाळी सुट्टी लागली की बेळगावच्या गल्लीबोळांत एकच विचारणा सुरू होते, "पवायला कुठं जायचं?" आणि मृगाचे दोन सडाके पडले की तीच पोरं गळाची काठी शोधायला लागतात. दोन्ही बाबतींत आपली माहिती ऐकीव असते. कुणाचा तरी मामा तिथं पोहायचा, कुणाच्या तरी मित्राला तिथं तीन किलोचा कटला लागला होता, एवढ्यावर गाड्या निघतात.

मीही असाच शिकलो. शहराच्या कडेच्या एका तळ्यावर चुलतभावाबरोबर गळ टाकून बसलो होतो. फलक नव्हता, कुंपण नव्हतं, पलीकडे म्हशी डुंबत होत्या. तासाभरानं एकजण मोटरसायकलवरून आला आणि काही न बोलता त्यानं आधी पिशवीतल्या चिलापी मोजल्या. मग म्हणाला, "गुत्ता भरलाय आम्ही ह्याचा." म्हणजे तळ्यातल्या माशांचा ठेका त्यांचा. गळाची काठी गेली, मासे गेले, वर दोनशे रुपयेही गेले. पावती मागितली तर हसला.

त्या दिवशी कळलं की तळ्याचा काठ एकाच्या ताब्यात असतो, पाणी दुसऱ्याच्या आणि मासा तिसऱ्याच्या. पोहणाऱ्याचं काम पहिल्या दोघांशी असतं, गळवाल्याचं तिघांशीही. सगळे नियम याच गोष्टीभोवती फिरतात.

आधी मालक शोधा

बेळगाव शहरातली किल्ला तलाव, कपिलेश्वर तलाव, जक्कीन होंड, अनगोळ आणि कणबर्गीचा तलाव ही पाण्यांची नावं सगळ्यांना ठाऊक असतात. बहुतेक लोक ती 'कॉर्पोरेशनची' म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात सुशोभीकरण एका यंत्रणेनं केलेलं असतं, देखभाल दुसरीकडे असते आणि नौकाविहाराचा ठेका तिसऱ्याकडे असतो. हे ताबे बदलतातही. म्हणून गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका. सुभाषनगरच्या महापालिका कार्यालयात किंवा आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाकडे दोन प्रश्न विचारा. तळं सध्या कुणाकडे आहे? मत्स्यपालनाचा ठेका दिलाय का? निपाणी, गोकाक, खानापूरकडे हेच प्रश्न तिथल्या नगरपालिकेत किंवा नगरपंचायतीत.

कॅम्पातलं पाणी वेगळं. कॅन्टोन्मेंट आणि लष्करी हद्दीत महापालिकेचा शब्द चालत नाही आणि 'मी इथलाच' हा युक्तिवाद जवानापुढे टिकत नाही. तिथं परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही, विषय संपला.

गावतळ्यांचा हिशेब असा: साधारण लहान तळी ग्रामपंचायतीकडे, मोठी मत्स्य खात्याकडे. हिडकल आणि नवीलतीर्थसारख्या धरणांत भिंत, दरवाजे आणि पाणी सोडण्याचं काम नीरावरी निगमकडे, म्हणजे कर्नाटकाच्या पाटबंधारे महामंडळाकडे असतं, मासे मात्र मत्स्य खात्याच्या अखत्यारीत. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या हद्दीतले ओढे आणि डोह वनखात्याचे. अभयारण्यात मासे धरणं म्हणजे वन्यजीव कायद्याचा गुन्हा, मग तो गळानं धरलेला एकच खवल्या का असेना.

पिण्याच्या पाण्याचे जलाशय तर विसरूनच जा. मार्कंडेय नदीवरचा राकसकोप, निपाणीचा जवाहर तलाव. राकसकोपची पातळी २४७५ फुटांना टेकली की नाही हे आपण पावसाळ्यात रोज पेपरात बघतो, कारण तेच पाणी आपल्या नळाला येतं. सार्वजनिक जलाशयाचं पाणी जाणूनबुजून घाण करून वापरण्याजोगं न ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २७९ खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंडसंहितेत दंड फक्त पाचशे होता. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली, तेव्हा 'पाचशेच तर भरायचे' ही जुनी समजूतही सोडून द्यायला हवी.

तोंडी उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क दहा रुपये, पोस्टल ऑर्डर चालते, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, हे आपल्याकडच्या पुष्कळांना माहीत नसतं आणि अर्ज तेवढ्यावरच परत येतो. प्रश्न सुटसुटीत ठेवा: 'अमुक सर्व्हे नंबरमधील तलावाच्या मत्स्यपालन ठेक्याच्या चालू कराराची प्रत द्यावी.' कार्यालयाला चार पानांचं मनोगत नको असतं.

फलक कन्नडमध्ये असतो, तो वाचता आला पाहिजे

सीमाभागात फलकाच्या भाषेचं राजकारण आहे आणि ते इथं उगाळायचं नाही. पण पाण्याला राजकारण कळत नाही. फलक कन्नडमध्ये आहे म्हणून कळला नाही, असं सांगून दंड माफ होत नाही आणि भोवरा तर अजिबात ऐकत नाही. म्हणून एवढे शब्द पाठ असू द्या.

'एच्चरिके' म्हणजे सावधान. 'अपाय' म्हणजे धोका, हा आपल्याला सहज कळतो. 'आळ' म्हणजे खोली. आपण कुणावर तरी आळ घेतो, तसा हा नव्हे. 'सुळि' म्हणजे भोवरा, 'मोसळे' म्हणजे मगर. 'ईजुवुदन्नु निषेधिसलागिदे' म्हणजे पोहण्यास मनाई. 'मीनु हिडियबारदु' म्हणजे मासे धरू नयेत. 'नीरिगे इळियबारदु' म्हणजे पाण्यात उतरू नये. 'कुडियुव नीरु' दिसलं की ते पिण्याचं पाणी, तिथून माघारी फिरायचं. 'गुत्तिगे' म्हणजे आपला गुत्ता. फसवा शब्द आहे 'गाळ'. मराठीत तो तळाचा चिखल, कन्नडमध्ये तो मासे धरायचा गळ. 'गाळ हाकबारदु' असं कुणी बजावलं तर तो तुम्हाला राडारोडा टाकू नका म्हणत नाही, गळ टाकू नका म्हणतोय. आणि 'होंड' म्हणजे खड्डा किंवा कुंड. जक्कीन होंडाचं नाव त्यातूनच आलेलं.

राखणदार लांबून "इळीब्याड्री!" ओरडला तर 'उतरू नका' एवढाच अर्थ. त्याला हात करून पुढं जाऊ नका. तो रोज त्या काठावर असतो, तुम्ही वर्षातून दोनदा.

फलक नसला तर? मी काठी घालवून बसलोय ती याच प्रश्नावर. फलक नसणं म्हणजे परवानगी नव्हे. शिवाय पावसाळ्यात जिल्हाधिकारी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली धबधबे, नदीकाठ काही दिवसांसाठी बंद करू शकतात. अशा आदेशाचा फलक काठावर लागायला हवाच असं नाही, पेपरात एक चौकट येते. आदेश मोडला तर न्याय संहितेचं कलम २२३ लागतं. जून ते सप्टेंबरात निघण्याआधी त्या दिवसाचा पेपर बघण्याची सवय ठेवा.

पोहायचं असेल तर

शहरातल्या तळ्यांत पोहू नका. नियम बाजूला ठेवला तरी हेच सांगेन. तळाला मऊ गाळ, त्यात जुन्या मूर्तींच्या लोखंडी सळ्या, काचा, वर हिरवट साय. ती साय अंगाला लागली की खाज सुटते, पोटात गेली तर उलट्या. पावसाळ्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं आणि पायाला जखम असेल तर लेप्टोची भीती.

पोहायचं तर जलतरण तलाव. गोवावेसला तलाव आहे, इतरही आहेत. जाताना ओळखपत्राची प्रत, दोन फोटो आणि डॉक्टरांचा दाखला बरोबर ठेवा, बहुतेक ठिकाणी मागतात. सुती बर्म्युडा चालत नाही, पोहण्याचाच पोशाख लागतो. टोपी लागते, आत जाण्याआधी अंघोळ लागते. बायकांची वेळ वेगळी असते, ती आधी विचारा. सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात तुकड्या भरतात, तेव्हा एप्रिल उजाडण्याआधी चौकशी करा. सात-आठ वर्षांच्या पोराला तिथं शिकवून घ्या आणि मग विहिरीवर न्या.

होय, विहीर. आपल्याकडं पोहणं विहिरीतच शिकतात, पाठीला डबा नाहीतर ट्यूब बांधून, आणि वरून काका "ढकल रे त्याला" म्हणत असतो. विहीर खासगी, तेव्हा नियम मालकाचा. विचारून जा, मोटर बंद करून घ्या, उतरायच्या पायऱ्या आणि सोडलेला दोर बघून घ्या. डबा गंजलेला नाही ना हे आधी बादलीत दाबून पाहा. बुडबुडे आले तर तो डबा पोराला घेऊन खाली जाईल.

दगडाच्या खाणीत साचलेल्या पाण्यात कधीच नाही. त्याचा काठ उभा कापलेला असतो. पहिल्या पावलाला गुडघाभर, दुसऱ्याला दोन पुरुष. बाहेर यायला धरायला काही नसतं.

नद्यांबद्दल जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण खरा घात तिथं होतो. मलप्रभा खानापूरजवळ असोग्याला आणि हब्बनहट्टीच्या मारुतीपाशी फार देखणी आहे. देखणी आहे ती खडकांमुळं, आणि माणसं अडकतात तीही त्याच खडकांत. पाण्यानं कोरलेल्या कपारी वरून दिसत नाहीत. देवदर्शनाला गेल्यावर अंघोळ करायची तर घाटाच्या पायरीवर बसून तांब्यानं करा.

मार्कंडेय, हिरण्यकेशी, वेदगंगा, दूधगंगा या नद्यांवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. बंधाऱ्याच्या वरचं पाणी संथ दिसतं, म्हणून पोरं तिथून उडी मारतात. धोका खालच्या अंगाला असतो. बंधाऱ्यावरून पडलेलं पाणी तळाशी जाऊन परत भिंतीकडे वळतं. त्यात सापडलेला माणूस वर येतो, पुन्हा भिंतीकडे ओढला जातो, पुन्हा खाली. पट्टीचा पोहणाराही तिथं दमतो. असं कुणी अडकलं तर त्यानं वर येण्याची धडपड न करता श्वास धरून तळाशी जावं आणि तळानं प्रवाहाबरोबर बाहेर पडावं असं सांगतात. ऐकायला सोपं आहे. त्यापेक्षा बंधाऱ्यापासून शंभर पावलं लांब राहणं बरं. पावसाळ्याच्या तोंडावर बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढतात, त्या दिवसांत तर बंधाऱ्याच्या खाली कपडे धुवायलाही बसू नका.

कृष्णेचं गणित आणखी वेगळं. येडूर, कुडची, उगारच्या घाटावर ऊन पडलेलं असतं, पाऊस थेंबभर नसतो, आणि तरी पाणी चढतं. कारण पाऊस कोयनेला पडलेला असतो. राजापूर बंधाऱ्यातून येणारा विसर्ग आणि कल्लोळकडून येणारी दूधगंगा, हे दोन आकडे पावसाळ्यात बातमीत असतातच. ते चढते असतील तर घाटावर जायचं नाही. ऑगस्ट २०१९ चा पूर आठवत असेल त्याला हे वेगळं सांगायला नको. घटप्रभेला हिडकलचं तसंच. ५१ टीएमसीचं धरण भरलं की दरवाजे उघडतात आणि भोंग्याचा आवाज गोकाकपर्यंत ऐकू येत नाही.

कृष्णेत मगरी आहेत. विणीच्या काळात, म्हणजे उन्हाळ्यात, मादी अंड्यांजवळ असते आणि नेमकी तेव्हाच आपली सुट्टी असते. मऊ वाळूचा, झाडीलगतचा निवांत काठ आपल्याला आवडतो तसा तिलाही आवडतो. गावकरी जिथं म्हशी घालतात त्याच जागी, दिवसा, आणि गावकऱ्याला विचारूनच पाण्याजवळ जा.

आपली अर्धी सहल तर चंदगड तालुक्यात असते, म्हणजे महाराष्ट्रात. किटवाडच्या धबधब्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये बेळगावच्या चार मुली बुडून गेल्या. पावसाळा संपलेला होता, हे लक्षात घ्या. हद्द ओलांडली की पोलीस वेगळे, वनखातं वेगळं, परवाना वेगळा. कर्नाटकातला मासेमारीचा कागद तिलारीला दाखवून उपयोग नाही.

गणपती विसर्जनाचं एका ओळीत: कपिलेश्वर तलावावर आणि जक्कीन होंडावर क्रेन आणि नेमलेली माणसं असतात, मूर्ती त्यांच्या हातात द्या, स्वतः उतरू नका.

गळ टाकायचा असेल तर

पहिलं काम गुत्तेदार गाठणं. गुत्ता दिलेल्या तळ्यात सोडलेलं बीज, रोहू, कटला, मृगल, गवत्या, त्यानं पैसे मोजून आणलेलं असतं. वाहत्या नदीतला मासा हाती येईपर्यंत कुणाचा नसतो, पण बंदिस्त तळ्यातला मासा मालकीचा धरला जातो आणि तो उचलणं चोरी ठरू शकतं. गुत्तेदाराच्या लेखी गळ आणि जाळं सारखंच. बहुतेक गुत्तेदार मात्र माणसं असतात. "दोन तास बसतो, किलोमागं काय ते देतो" असं आधी बोललात तर बसायला चांगली जागाही दाखवतात. ठरलेलं मोबाइलवर मेसेजमध्ये घेऊन ठेवा, कारण संध्याकाळी त्याचा भाऊ येतो आणि त्याला काहीच माहीत नसतं.

गुत्ता नसलेल्या सरकारी पाण्यासाठी तालुक्याच्या मत्स्य खात्यात सहायक संचालकांच्या नावे अर्ज करा. नाव, पत्ता, आधारची प्रत, कुठलं पाणी, कुठलं साधन, किती दिवस. अर्ज कन्नडमध्ये लिहून नेलात तर टेबलावरून लवकर हलतो, हा माझा अनुभव. शेजारच्या कन्नड मित्राला एक चहा पाजा, पाच मिनिटांचं काम आहे.

काय चालत नाही ते स्पष्ट आहे. सुरुंगाचा बार लावून आणि पाण्यात विष कालवून मासे मारण्यावर १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे, म्हणजे बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हापासून. कर्नाटकाचा स्वतःचा अंतर्देशीय मत्स्यव्यवसाय कायदा १९९६ चा. तरीही ब्लीचिंग पावडर ओतणारे आणि तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडणारे भेटतात. करंटवाल्यापासून लांब राहा, तो माशाआधी माणूस मारतो. मच्छरदाणीचं कापड ओढून बोटाएवढी पिल्लं गोळा करणं हाही तसलाच उद्योग. पुढच्या वर्षीचं तळं आजच रिकामं होतं.

आता चढणीचे मासे. पहिल्या पावसात ओढ्याला लाल पाणी आलं की मासा अंडी घालायला उलटा चढतो, भाताच्या खाचरापर्यंत येतो, आणि खानापूर पट्ट्यात घराघरांत त्या रात्री कंदील घेऊन माणसं बाहेर पडतात. त्या कालवणाची चव मी नाकारणार नाही, लहानपणी मीही बुट्टी धरून उभा राहिलोय. पण हातात आलेली मादी पोटाला फुगलेली, मऊ असेल तर सोडून द्या. तिच्या पोटात हजारो अंडी असतात. विणीच्या दिवसांत जलाशयांवर मासेमारीला खात्याची बंदी लागू होऊ शकते, तेव्हा जूनमध्ये कार्यालयात विचारल्याशिवाय जाळं भिजवू नका. कारवारकडच्या पाहुण्यांना हे चांगलं समजतं. समुद्रात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची यांत्रिक मासेमारीबंदी ते दरवर्षी पाळतात.

गळाला कासव लागलं तर दोरी शक्य तितकी आखूड कापून त्याला सोडा. घरी नेऊ नका, हौदात ठेवू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात त्यावर जामीन मिळवताना नाकी नऊ येतात. घरच्या टाकीतले कंटाळवाणे झालेले मासे, विशेषतः काच चाटणारा तो काळा सकर, तळ्यात नेऊन सोडणं पुण्य समजू नका. तो देशी माशाची अंडी खातो आणि जाळी फाडतो. थाई मांगूर नावानं विकला जाणारा आफ्रिकी मांगूर पाळायला देशात २००० सालापासून बंदी आहे, तेव्हा त्याचं बीज कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

देवळाच्या कुंडातला मासा कुणी धरत नाही. तिथं कायदा शोधत बसू नका, गाव उभं राहील.

विसर्जनानंतर निदान दोन महिने त्या तळ्यातले मासे खाऊ नयेत असं माझं मत आहे. रंगांत काय असतं हे आपण मूर्ती आणताना विचारत नाही. आणि नाल्याचं पाणी मिळतं अशा तळ्यातला मासा तर कधीच नाही, तो कितीही गुटगुटीत दिसला तरी.

अडवलं तर

आवाज चढवू नका. आधी ओळखपत्र मागा: महापालिकेचा कर्मचारी, मत्स्य खातं, वनखातं की गुत्तेदाराचा माणूस? गुत्तेदाराला तुम्हाला बाहेर काढायचा हक्क आहे, दंड वसूल करायचा नाही. सरकारी दंड पावतीशिवाय देऊ नका. तुमचं सामान जप्त केलं तर त्याची यादी सहीनिशी मागा. माझी ती काठी आजही कुणाच्या तरी माळ्यावर असेल.

कुणी बुडत असेल तर

पाण्यात उडी मारू नका. बुडणारा मिठी मारतो आणि दोघं जातात. दोर, ओढणी, लुंगी, गळाची काठी, रिकामी घागर, झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा कॅन, हाताला येईल ते फेका आणि स्वतः पालथे पडून ओढा.

बाहेर काढल्यावर त्याला उलटं टांगू नका, खांद्यावर घेऊन पळू नका, पोट दाबून पाणी काढू नका. आपल्याकडं सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. श्वास चालू नसेल तर पाठीवर झोपवा, हनुवटी वर करा. त्याला हवा कमी पडलेली असते, म्हणून येत असेल त्यानं आधी तोंडानं दोन श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध तळहातानं दाबा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. ३० दाब, दोन श्वास, पुन्हा ३० दाब. दमलात तर दुसऱ्यानं घ्यायचं, थांबायचं नाही. शुद्धीवर येऊन "बरा आहे मी" म्हणाला तरी दवाखान्यात न्या. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं.

दरम्यान एकानं ११२ ला फोन करावा. रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१. पलीकडून कन्नडमध्ये आवाज आला तर गडबडू नका. "नीरल्ली मुळुगिद्दारे", म्हणजे पाण्यात बुडालेत, एवढं म्हणा, आणि लगेच गावाचं नाव, नदीचं नाव आणि जवळचं देऊळ किंवा बंधारा सांगा.